दक्षिण काठची नाचण

ती गेल्याचं कळलं तेव्हा माझी दोन बोटं एका घुबडाच्या आत होती. गाडीखाली सापडलेलं घुबड, दोन दिवसांचं शिळं, पोट हिरवं पडलेलं. असलं काम हातात असताना मी फोन घेत नाही. दारवानाने तोंड दुसरीकडे फिरवून फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कुणी बाई होती. म्हणाली, तुमच्या मिसेस दरीच्या बसथांब्यावर कोसळल्या, इथे आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

हात तीनदा धुतले आणि गेलो. नर्सने चादर बाजूला केली आणि नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, हिच्या अंगाला इतक्यात वास कसा येतोय? मग लक्षात आलं, वास माझा होता. घुबडाचा. आमच्या घरात बत्तीस वर्षं रोज याच वासावरून तोंड वाजायचं. "अहो, आधी आंघोळ. मग स्वयंपाकघर. आणि मला हात तर लावूच नका." त्या दिवशी तिच्या कपाळावर हात ठेवावा असं फार वाटत होतं. ठेवला नाही.

मी संग्रहालयात पक्ष्यांची कातडी तयार करतो. काचेचे डोळे लावून फांदीवर बसवलेले शोभेचे पक्षी माझे नव्हेत. माझे अभ्यासाचे असतात. पोटावर चीर द्यायची, आतलं सगळं काढायचं, कीड लागू नये म्हणून कातड्याला टाकणखार चोळायचा, कापूस भरायचा, शिवायचं, पायाला चिठ्ठी बांधायची आणि खणात उताणं ठेवून द्यायचं. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि पक्षी कुणी आणला ते. चिठ्ठी नसेल तर कातडं कितीही सुरेख असो, आमच्याकडे तो कचरा. माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या लिहायला एक मुलगी ठेवली. तीच पुढे माझी बायको झाली. संग्रहालयात मला भुसाकाका म्हणतात, कारण सोलताना रक्त टिपायला मी भुसा वापरतो. ती मात्र शेवटपर्यंत "बाई" राहिली, सगळ्यांची बाई.

तिला मेलेले पक्षी आवडायचे नाहीत. चिठ्ठी लिहितानाही ती पक्ष्याकडे बघायची नाही, नुसता पाय धरायची. सुट्टीच्या दिवशी ती दरीत जायची, नाचण बघायला.

नाचण हा चिमणीपेक्षा लहान पक्षी आहे. शेपटी पंख्यासारखी उघडते, मिटते, आणि अंगात आल्यासारखी या फांदीवरून त्या फांदीवर उडत असते. मुलुखागणिक तिचा रंग थोडा बदलतो. आमच्याकडे तिचे सहा खण आहेत. किनाऱ्यावरची काळपट, बेटांवरची पोटाला पिवळसर, डोंगरातली जाड पांढऱ्या भुवईची, अशा एकाच पक्ष्याच्या पाच उपजाती. सहावा खण आमच्या दरीचा, आणि त्यावर डोंगरातल्या उपजातीचंच नाव आहे.

बाईचं म्हणणं होतं की ते नाव अर्ध्याच दरीला लागू पडतं.

दरीतून नदी जाते. उत्तर काठावरची नाचण घरटं बांधते ते वाटीसारखं, गवताच्या तुसांचं, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं, आणि वाटीच्या बुडाखाली वीतभर शेपूट लोंबत सोडलेलं. दक्षिण काठावरची तसलीच वाटी बांधते, पण बूड गोल, खाली काहीही नाही. आणि गळ्यावरचा पांढरा ठिपका दक्षिणेत जवळजवळ नसतोच. हे तिने बावीस वर्षं पाहिलं आणि वह्यांमध्ये लिहिलं.

मोठ्या साहेबांना, म्हणजे पक्षी विभागाच्या प्रमुखांना, तिने सांगितलं तेव्हा ते हसले. "बाई, ही नाचण उगाच दोन-तीन घरटी अर्धवट बांधून सोडते. तुम्हाला दिसली ती अर्धवटच असणार. शेपूट लावायचं राहून गेलं असेल." पुढच्या हंगामापासून तिने एक नियम केला: अंडी घातलेली दिसल्याशिवाय घरटं वहीत चढवायचं नाही. अशी तिच्याकडे एकाहत्तर घरटी झाली. साहेब तरी म्हणायचे, "घरट्यावरून जात ठरत नसते. कातडं आणा."

"कातडं आणा म्हणे," ती घरी येऊन भांडी आपटायची. "स्वतःचं द्या म्हणावं."

मला तिचं दरीपुराण ऐकावं लागायचं, जेवताना सुद्धा. एकदा तिने सांगितलं की नाचणीचं पिल्लू घरट्यात घाण करत नाही. त्याची विष्ठा पांढऱ्या पातळ पिशवीत येते, आणि आई-बाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. कधी कधी गिळतातही.

"शी! मी जेवतोय," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही दिवसभर कशात हात घालून बसता ते माहीत आहे मला."

शोकसभा संग्रहालयाच्याच दालनात झाली, काचेच्या कपाटांच्या मधल्या जागेत. सगळे बोलले. बाई किती शांत, बाई किती नीटनेटक्या. घरी आपटलेली भांडी त्यांच्यापैकी कुणी ऐकली नव्हती. मग मोठे साहेब उठले आणि म्हणाले, दक्षिण काठची नाचण वेगळी आहे हे बाईंनी दाखवून दिलं, आता विभागातर्फे त्या उपजातीला बाईंचं नाव द्यायचं ठरवलं आहे. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. शेजारी आमची मुलगी रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती.

नंतर चहाच्या वेळी साहेबांनी मला कपाटामागे नेलं. हातात खारी होती, मिशीला चुरा लागला होता.

"काका, एक अडचण आहे. नाव द्यायचं तर नमुना लागतो. एक जोडी. शक्यतो घरट्यासकट. आणि घरटी कुठे आहेत ते बाईंच्या वह्यांतच आहे. हंगाम महिन्याभरात संपेल."

"म्हणजे मारायची."

"तुम्ही असं विचारताय जणू काल नोकरीला लागलात."

खरं होतं ते. माझ्या हाताखालून आठ-नऊ हजार पक्षी गेले असतील. पण तिने बावीस वर्षं नजर ठेवलेल्या घरट्यावरून पक्षी उठवायचा, तिच्याच वहीतला पत्ता वाचून, आणि मग त्यालाच तिचं नाव द्यायचं? मी नाही म्हणालो.

पंधरा दिवस सगळे माझ्या मागे लागले. मुलगी सगळ्यात जास्त. ती दातांचे साचे करते, तिचे हात माझ्यासारखे आणि जीभ आईसारखी.

"बाबा, आईला आयुष्यभर त्या माणसाने उडवून लावलं. आता तो स्वतः कबूल करतोय. आईचं नाव छापून येईल, कायमचं राहील. आणि तुम्ही एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी अडून बसलाय?"

"तुझ्या आईला विचारलं असतंस तर?"

"ती आहे का विचारायला?" मग तिने आवाज खाली आणला. "मी साहेबांशी बोलले. मारायचं नाही. जाळीत धरायचं, रक्ताचा एक थेंब, दोन पिसं, फोटो, मापं, आणि सोडून द्यायचं. हल्ली तेवढ्यावर चालतं कधी कधी. ते प्रयत्न करतो म्हणालेत. आता तरी वही द्याल?"

वही मी दिली नाही. पण घरटं दाखवायला येतो म्हणालो. अट घातली की पक्षी सोडायचा. साहेबांनी माझा हात हातात घेऊन कबूल केलं. त्यांचा हात घामट होता.

आम्ही तिघे गेलो: साहेब, जाळीवाला आणि मी. जाळीवाला म्हणजे संग्रहालयासाठी पक्षी धरणारा माणूस, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. उजाडल्यावर दक्षिण काठावर उतरलो. शेवटच्या वहीत लिहिलं होतं, तिसऱ्या वळणावर, वाकलेल्या झाडाच्या खालच्या फांदीवर, छातीएवढ्या उंचीवर. घरटं तिथेच होतं. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. बावीस वर्षांत एकदाही तिच्याबरोबर गेलो नव्हतो. सुट्टीच्या दिवशी मी झोपायचो.

मुठीत मावेल एवढी वाटी. जाळ्याने अशी घोटलेली की बोट फिरवलं तर काठ कुठेच टोचू नये. बूड गोल. आत दोन अंडी, साईच्या रंगाची, रुंद टोकाकडे तपकिरी ठिपके; तिने पाहिलेली गेली असावीत, ही नुकतीच घातलेली. नर-मादी दोघं पाळीपाळीने बसतात हे तिने सांगितलं होतं, आणि तसंच चाललं होतं: एक यायचा, दुसरा उठायचा, शेपटी उघडून मिटून निघून जायचा.

जाळीवाल्याने दोन काठ्यांमध्ये बारीक जाळी लावली. पाळी बदलायच्या वेळी एक पक्षी जाळीत आला. जाळीवाल्याने त्याचे पाय आणि पंख सोडवले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, धरा जरा. मी पिशवी काढतो."

मी धरला. तो कोमट आणि हलका होता. नुसतं हृदय हातात आल्यासारखं वाटलं.

पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगायचं तेच आहे. आमच्याकडे कितीदा अर्धमेला पक्षी येतो, मांजराने धरलेला, काचेवर आपटलेला. त्याला शांत करायची एक पद्धत आहे. अंगठा आणि बोट पंखांखाली, छातीच्या दोन बाजूंना. दाबायचं आणि धरून ठेवायचं, दहा आकडे होईपर्यंत. रक्त येत नाही, पिसं विस्कटत नाहीत. चाळीस वर्षांत पक्षी माझ्या हातात आला तो यासाठीच. दुसऱ्या कशासाठी जिवंत पक्षी मी कधी धरलेलाच नव्हता.

मी जाळीवाल्याशी बोलत होतो. आमची बाई सांगायची, ही घरट्यापाशी फार कजाग होते, कावळ्याच्या डोक्यावर धावून जाते, असं काहीतरी. बोलता बोलता मी दाबलं होतं. बोलता बोलता आकडेही मोजले.

साहेब माप घ्यायचं साधन घेऊन आले. "द्या. आधी चोच, मग..." आणि थांबले. माझ्या हातात मान एका बाजूला कलली होती.

जाळीवाला पिशवी उघडून उभा होता, ती त्याने हळूच मिटली.

"काका," साहेब म्हणाले, "असू द्या. होतं असं." मग, "बरं, आता झालंच आहे तर..." आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. स्वतःला शब्द मोडावा लागला नाही याची. मला त्या माणसाची किळस आली. पण खरी किळस पुढे होती. कारण तो मेला आहे हे कळल्यावर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो तिचा नव्हता, पक्ष्याचा नव्हता. तो असा होता: शेपटी अगदी शाबूत राहिली आहे.

आम्ही जाळी गुंडाळत होतो तेव्हा दुसरा पक्षी येऊन घरट्यावर बसला. बराच वेळ बसला. मग उठून जवळच्या फांदीवर गेला, शेपटी उघडली, मिटली, इकडे तिकडे वळला. त्याची पाळी संपली होती. परत येऊन बसला.

नाचणीत नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. ते आतून कळतं. संग्रहालयात आल्यावर मी तो पक्षी टेबलावर घेतला. साहेब मागे उभे होते, घाई नव्हती, पण जात नव्हते. पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडली होती, अंड्यांना ऊब द्यायला पडते तशी. मी चीर दिली. आत तिसरं अंडं होतं. पूर्ण झालेलं, पण कवच अजून मऊ. चिमट्याचं टोक लागलं आणि ते फुटलं. पिवळं माझ्या बोटांवरून नखात गेलं, भुशात पडलं.

"मादी," साहेब म्हणाले. "छान. हे भांड्यात काढून घ्या, फोटोला होईल."

मी उठलो आणि मोरीत ओकलो. सडलेल्या घुबडाने जे कधी झालं नव्हतं ते झालं. नंतर नळाखाली नखं ब्रशने घासत राहिलो. ते पिवळं निघत होतं आणि तरी आहे असं वाटत होतं. मागून साहेबांनी विचारलं, पंखा लावू का, खोलीत कोंदट झालंय.

पाणी प्यायलो, परत येऊन बसलो आणि काम पुरं केलं. हे मी लपवणार नाही. उघडी टाकली असती तर संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या असत्या. कापूस भरला, शिवली, पंख मिटवले, शेपटी थोडी उघडी ठेवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम झालं. मला ते बघवत नाही.

साहेबांनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. "ठिकाण तेवढं नीट लिहा, कितवं वळण, कुठलं झाड वगैरे. आणणारा म्हणून तुमचं नाव. उपजातीच्या जागी बाईंचं. नवरा-बायकोची नावं एका चिठ्ठीवर, काय योग आहे बघा. आणि नर या आठवड्यातच घेऊ, घरट्यासकट. तो अजून बसतोय तोवर."

"मी चिठ्ठी लिहिणार नाही."

"दमलात का? उद्या लिहा."

"उद्याही नाही. ठिकाण सांगणार नाही. वही देणार नाही."

साहेब खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. "काका, मला एक सांगा. पक्षी कुणी मारला?"

"मी."

"मग आता सोवळेपणा कसला? चिठ्ठी नसेल तर ही कचऱ्यात जाईल. म्हणजे उगाच मेली. चिठ्ठी लागली तर निदान कशासाठी तरी मेली."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. याच हिशेबाने मी चाळीस वर्षं जेवलो. पण चिठ्ठी लागली की नराला आणायला लागेल, मग तुलनेला आणखी दोन जोड्या, मग दुसऱ्या संग्रहालयाला एक, त्यांनी मागितली म्हणून. दक्षिण काठावर नाचणीच्या सगळ्या मिळून पंधरा-वीस जोड्या, असं तिच्या वहीत आहे. आणि प्रत्येक पायाला तिचं नाव बांधलेलं.

"तुम्हीही होता तिथे," मी म्हणालो. "वळण माहीत आहे. जा आणि तुम्ही लिहा."

"मी तुमच्या मागे चालत होतो. पायाखाली बघत. सगळी वळणं सारखीच दिसतात मला," ते चिडून म्हणाले. नाचणीवर तीन पुस्तकं लिहिलेला माणूस. "जाळीवाल्याला विचारतो."

जाळीवाला दारातच उभा होता. म्हणाला, "मला काय आठवतंय, साहेब. वय झालं." आणि जाळी खांद्यावर टाकून गेला.

मुलीला मी त्याच दिवशी सांगितलं. तिच्या कामाच्या जागी गेलो. टेबलावर कुणाकुणाच्या दातांचे पांढरे साचे ओळीने मांडले होते. ती हात पुसत बाहेर आली आणि आधी हसली.

"झालं ना? सोडला ना पक्षी?"

मी सांगितलं. पाळी, जाळी, अंगठा, दहा आकडे, मऊ अंडं, सगळं. काही गाळलं नाही. नाव येणार नाही हेही सांगितलं.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"शी, बाबा," ती म्हणाली. मग, "दोन्ही करून बसलात. पक्षीही मारलात आणि नावही घालवलंत."

"हो."

"आईने तुम्हाला घरात घेतलं नसतं."

"नसतंच."

ती रागावली आहे अजून. फोन उचलते, पण कामापुरतं बोलते. मला त्याचं वाईट वाटतं, पण तिचं चुकलं असं वाटत नाही.

साहेबांनी वरच्या ऑफिसात तक्रार केली आहे. ते कातडं माझ्या टेबलाच्या खणात आहे, पायाला नुसता दोरा.

काल मी तिची शेवटची वही पहिल्या पानापासून वाचली. आधी कधी वाचली नव्हती, फक्त पत्ता शोधला होता. प्रत्येक घरट्याला एक ओळ. कोणता काठ, शेपूट आहे की नाही, अंडी किती, आणि शेवटी एक रकाना: पुढे काय झालं. तिथे तिने दर वेळी लिहिलंय. दोन पिल्लं उडाली. सापाने नेली. फोटो काढायला कुणीतरी पानं छाटली, उन्हाने अंडी गेली, त्यांचं वाटोळं होवो. तिचं अक्षर छापल्यासारखं, शिवी सुद्धा ओळीत बसवलेली.

या हंगामातल्या चार घरट्यांपुढे तो रकाना रिकामा आहे. तीन घरट्यांचं काय झालं ते मला जाऊन पाहायचं आहे. अजून गेलेलो नाही. चौथ्याचं मला माहीत आहे. तेही लिहायचं राहिलं आहे.